ग्रीन कार्ड आणि चुकून झालेली मतदार नोंदणी – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. धाकटा भाऊ अमेरिकेत ग्रीन कार्डावर आहे. तिथे १९९३च्या कायद्यामुळे ड्रायव्हिंग लायसन्स काढतानाच मतदार नोंदणीचंही विचारतात. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म पुढे केला, ह्याने सही केली. महिन्याभराने घरी मतदार कार्ड! आईला इकडे आनंद, पण मला धडकीच भरली. ग्रीन कार्डवाल्याला तिथे राष्ट्रीय निवडणुकीत मत देता येत नाही, तो गुन्हा आहे. त्याने मत एकदाही दिलेलं नाही, पण त्या फॉर्मवर नागरिक असल्याचं लिहून दिलेलं असतं, आणि खोटं नागरिकत्व सांगितल्यावरून देशाबाहेर काढू शकतात. नागरिकत्वाच्या अर्जात, एन-४०० मध्ये, कधी मतदार नोंदणी केली होती का, हे थेट विचारतात.

त्याचा एक वकील मित्र स्थानिक राजकारणात आहे. तो म्हणतो, "नाव काढून टाक, झालं." मला हे पटत नाही. आधी इमिग्रेशनच्याच वकिलाला दाखवावं ना?

तुमच्यापैकी कुणाच्या मुलाला, जावयाला असं झालंय का? नाव काढल्याचं लेखी पत्र घेतलं होतं का? दोन्ही विषय जाणणारा वकील कसा शोधलात? कृपया सांगा. आईला अजून काही बोललेलो नाही.