'हबशी', 'काळा', 'आफ्रिकन' : बोलताना कुठला शब्द वापरावा?

मूळ प्रश्न

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराची वरची खोली भाड्याने द्यायची आहे. गेल्या आठवड्यात मी कामावरून घरी आलो तेव्हा आत्या फोनवर सांगत होती, "अगं, एक हबशी आला होता खोली बघायला. बोलायला चांगला होता, गुजरातीसुद्धा येतं त्याला." मुलगा टांझानियाचा, इथे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. जाताना कॅलेंडरच्या कडेला आपलं नाव, देश आणि मोबाईल नंबर लिहून गेला होता. आत्याने ते सगळं मला वाचून दाखवलं. म्हणजे नाव ठाऊक होतं, देश ठाऊक होता, तरी फोनवर 'हबशी'च.

मी म्हटलं, हा शब्द बरा नाही. ती खरोखर गोंधळली. "मग काय म्हणू? काळा म्हणू? ते तर त्याहून वाईट." मला उत्तर देता आलं नाही. आत्याच्या मनात त्या मुलाबद्दल काही वाकडं नाही, हे मी जाणतो. पण शब्द मला टोचला, आणि का टोचला ते नीट सांगता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद, रावपुऱ्यातून

'हबशी' ही शिवी नाही. अरबीत 'हबश' म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया. तिथला तो हबशी, इतका सरळ शब्द आहे. जंजिऱ्याच्या मुलखाला आपल्याकडे 'हबसाण' म्हणत. हबशांनाच लावला जाणारा दुसरा शब्द 'सिद्दी' किंवा 'शिद्दी', त्याचं नातं अरबीतल्या 'सय्यदी', म्हणजे 'माझे धनी', या शब्दाशी सांगतात. म्हणजे मुळात आदराचाच शब्द. मलिक अंबर हबशीच होता. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि त्याने 1610 साली खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद झालं. अहमदाबादची सिदी सैयदची जाळी बघायला आपण पाहुण्यांना आवर्जून नेतो. ती जाळी ज्या मशिदीत आहे ती मशीद 1572-73 ची, बांधणारा हबशी. एवढा इतिहास असलेला शब्द टाकून का द्यायचा?

मूळ प्रश्नकर्ता

काका, इतिहासातला शब्द टाकावा असं मी म्हणत नाही. सिद्दी जौहर आणि पन्हाळ्याचा वेढा आपण शाळेत शिकलो. 1660 च्या त्याच वेढ्यावर महाराजांच्या बाजूने चालून गेलेला सिद्दी हिलालही होता, त्याचं नाव मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहतं. तिथे 'सिद्दी' हेच बरोबर.

पण आमच्याकडे आलेला मुलगा टांझानियाचा. इथिओपिया कुठे, टांझानिया कुठे! मुंबईहून आलेल्या माणसाला कुणी काबूलचा म्हणावं, तसं हे आहे. म्हणजे अर्थाच्या बाजूनेही 'हबशी' चुकीचाच ठरतो. शब्द मूळचा देशवाचक असेल, पण आज आपण तो देश सांगायला वापरत नाही, रंग आणि केस सांगायला वापरतो. 'काळाकभिन्न हबशी' ही जोडी लहानपणापासून कानावर आहे, भीती घालणाऱ्या गोष्टींतून आलेली. शब्दाची व्युत्पत्ती कोशात राहते. कानाला ऐकू येते ती ही जोडी.

प्रतिसाद, निजामपुऱ्यातून

माझ्या ऑफिसात मणिपूरची एक मुलगी आहे. तिला पहिल्याच दिवशी दोघांनी विचारलं, "तू नेपाळची की चीनची?" 'चिंकी' हा शब्द तर ती फतेहगंजमध्ये रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांकडून ऐकते. मी स्वतः कॉलेजात असताना तो सहज वापरलेला आहे आणि आज त्याची लाज वाटते.

2012 साली केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना कळवलं होतं की ईशान्येतल्या अनुसूचित जमातींच्या लोकांना असं हिणवणं ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. पुढे जानेवारी 2014 मध्ये दिल्लीत लाजपतनगरच्या बाजारातल्या मारहाणीनंतर अरुणाचलचा निडो तानिया गेला. सुरुवात त्याच्या केसांवरून केलेल्या चेष्टेने झाली होती. त्यानंतर ईशान्येतल्या लोकांच्या अडचणी बघायला बेझबरुआ समिती नेमली गेली. म्हणून 'नुसता शब्द तर आहे' असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

प्रतिसाद, मांडवीजवळून

मी सत्तरीचा आहे. शाळेत मला सगळे 'काळ्या' म्हणत. कुणाला ढब्ब्या, कुणाला चष्म्या. त्यात प्रेम होतं. आता काळ्याला काळा म्हणायची चोरी? आपला विठोबा काळा, जमिनीला आपण काळी आई म्हणतो. रंगाची लाज आपल्याला कधीपासून वाटायला लागली?

मूळ प्रश्नकर्ता

काका, तुमच्या या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. लाज 'काळा' या विशेषणात नाही, हे मान्य. काळी माती, काळा विठोबा, सावळा कृष्ण, या शब्दांत माया आहे. पण तीच मराठी लग्नाच्या जाहिरातीत 'काळी' असं कधी छापत नाही. तिथे गव्हाळ, निमगोरी, फार तर सावळी. देवाला चालणारा शब्द मुलीला चालत नाही, म्हणजे तो आपल्या मनात निर्मळ राहिलेला नाही. माझ्या बहिणीने ते 'बघायचे' कार्यक्रम सोसले आहेत, म्हणून हे लिहिताना हात जड होतो.

आणि 'काळ्या' ही हाक. तुम्हाला ज्यांनी ती मारली ते तुमच्याबरोबर डबा खाणारे होते. तुम्हीही त्यांना ढब्ब्या म्हणत होतात. वरच्या खोलीत राहायला येणाऱ्या मुलाला आमच्या गल्लीतली पोरं 'काळियो' म्हणतात, तेव्हा त्याच्याकडे उलट मारायला हाक नसते. त्याला गुजराती येतं. त्याला कळतं.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. विचार करताना एक गोष्ट हाताला लागली. मराठीत माणसाबद्दल बोलताना एकेरी की अनेकवचन हे दर वाक्यात ठरवावंच लागतं. आत्या म्हणाली, "एक हबशी आला होता." ती "हबशी आले होते" असं म्हणाली असती का? नाही, तिच्या जिभेवर ते आलंच नसतं. तोच मुलगा 'विद्यार्थी' म्हणून आला असता तर "एक विद्यार्थी आले होते" असं ती कदाचित म्हणाली नसती, पण प्राध्यापक असता तर "एक प्रोफेसर आले होते" असं नक्की म्हणाली असती, रंग कुठलाही असो. 'चिंकी'चंही तेच. "त्या चिंकी आहेत ना, त्यांनी सांगितलं" हे वाक्य कुणी म्हणून पाहावं. तोंडात अडकतं. ज्या शब्दाला 'आहेत' आणि 'अहो' चिकटतच नाही, तो वर्णन करत नाही, तो माणसाला खाली बसवतो. मला टोचलं ते हे होतं.

प्रतिसाद, रावपुऱ्यातून

कसोटी चांगली आहे, पण पुरी पडत नाही. "मलिक अंबर हे हबशी सरदार होते" हे वाक्य बिनदिक्कत चालतं की.

मूळ प्रश्नकर्ता

चालतं, कारण तिथे 'सरदार' हे नाम आहे आणि 'हबशी' नुसतं विशेषण. मानाचं ओझं 'सरदार' उचलतो. अडचण होते ती विशेषण स्वतःच नाम होऊन बसलं की. 'आंधळा', 'लंगडा', 'काळा' यांचं हेच होतं. मागचा 'माणूस' गळून पडतो.

प्रतिसाद, कारेलीबागेतून

सरळ 'कृष्णवर्णीय' म्हणा. वर्तमानपत्रं तेच वापरतात. 'नीग्रो' मात्र नको.

मूळ प्रश्नकर्ता

'कृष्णवर्णीय' छापायला ठीक. पण "खाली एक कृष्णवर्णीय आलेत, त्यांना पाणी दे" असं घरात कोण म्हणेल? तो शब्द बोलण्यातला नाही. आणि त्यातही रंगच आहे, फक्त संस्कृतात. टांझानियाच्या मुलाचा देश कॅलेंडरवर लिहिलेला असताना रंगाकडे जायचंच कशाला?

'नीग्रो'बद्दल थोडं लिहितो, कारण त्याचा आपल्या शहराशी दूरचा धागा आहे. स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये 'नेग्रो' म्हणजे काळा. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो तिथल्या काळ्या पुढाऱ्यांनी स्वतःसाठी मानाने वापरलेला शब्द होता. त्याचं आद्याक्षर मोठं छापावं म्हणून त्यांनी आग्रह धरला, आणि न्यूयॉर्क टाइम्सने 1930 मध्ये तो मान्य केला. डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले होते. त्यांनी 1946 मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं. त्या पत्रात 'नीग्रो' हाच शब्द आहे, आणि तो आपुलकीने आलेला आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस त्याच समाजातल्या तरुणांनी तो नाकारला आणि 'ब्लॅक' शब्द छातीठोकपणे घेतला. 2016 साली अमेरिकेच्या संघीय कायद्यांतल्या जुन्या तरतुदींतूनही 'नीग्रो' काढला गेला. आपल्याकडे 'हरिजन' मागे पडून 'दलित' पुढे आला आणि 1972 साली दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव समोर ठेवूनच. म्हणजे कुठल्या शब्दाला मान आहे हे कोश ठरवत नाही. ज्याला तो लागतो तो माणूस ठरवतो. 'नीग्रो' आपल्या जुन्या पुस्तकांत राहणार, तिथे तो राहू द्यावा. आजच्या माणसाला तो लावू नये.

प्रतिसाद, प्रतापनगरमधून

यात आपलं स्वतःचंही आठवावं. वडोदऱ्यात आपल्या आजोबांना गुजराती शेजारी 'दक्षिणी' म्हणत. ते चालायचं, कारण त्यात नुसती दिशा होती. पण मुंबईत आत्येभावाकडे गेलो की 'घाटी' ऐकायला मिळायचं, आणि ते आजही आठवतं. अर्थ काय, तर घाटावरचा. अर्थात काहीही वाईट नाही! पण म्हणणाऱ्याचा आवाज अर्थापेक्षा मोठा होता.

आणखी एक. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्यावर मी लहानपणी आजीबरोबर गेले आहे. तिथले सिद्दी पिढ्यान् पिढ्या गुजराती बोलतात, 'धमाल' हा आपला नाच नाचतात, अकीक दगडाच्या व्यापाराच्या आठवणी सांगतात. ते स्वतःला अभिमानाने सिद्दी म्हणवतात. म्हणून 'सिद्दी' हा त्यांचा शब्द, तो त्यांनाच असू द्यावा. आफ्रिकेहून आलेल्या प्रत्येकाला तो लावणं चूक, आणि रतनपूरच्या माणसाला 'आफ्रिकन' म्हणणं त्याहून चूक. तो आपल्याइतकाच इथला आहे.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, हे अगदी नेमकं सांगितलंत. आत्यालाही वाचून दाखवलं. 'घाटी'वर ती गप्प झाली. लग्नाआधी ती चार वर्षं गिरगावात होती.

मुलाने खोली घेतली. काल दूधवाल्याने विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "वरचे टांझानियावाले पण अर्धा लिटर घेणार आहेत." समोरच्यांना ती 'भरूचवाले' म्हणते, त्याच चालीवर. 'वाला' शब्द मला आधी थोडा खटकला होता. पण 'वाले' झालं की त्याला 'आहेत' बरोबर लागतं, आणि तिने ते न सांगता लावलं.