टेंभूच्या पाण्यावर अर्धवेळ पीएच.डी. : आधी मार्गदर्शक की आधी विषय?

विचारणा (विटा, जि. सांगली)
सस्नेह नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते आणि नोकरी सांभाळून शिवाजी विद्यापीठातून पीएच.डी. करण्याचा माझा विचार आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यानंतर खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतील शेती कशी बदलली, हा विषय मनात आहे. आधी मार्गदर्शक शोधावा की विषय पक्का करावा, आणि संस्थेकडून काय लिहून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (कराड)
मॅडम, आधी मार्गदर्शकांकडे जागा रिकामी आहे का, ते पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकांना एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकांना ६ आणि सहायक प्राध्यापकांना ४ विद्यार्थीच घेता येतात, शिवाय निवृत्तीला ३ वर्षांहून कमी काळ उरला असल्यास नवा विद्यार्थी घेता येत नाही.

विषय मोलाचा आहे, पण दोन तालुक्यांचा आवाका एकटीला पेलणार नाही. कराडजवळ कृष्णेतून उचललेले हे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवले जाते, त्यामुळे कालव्याच्या वरच्या अंगाच्या गावाला जे मिळते, तेच टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या गावाला मिळेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून वरच्या अंगाचे एक आणि टेलचे एक अशी दोनच गावे घेऊन, पाणी येण्याआधीच्या आणि नंतरच्या सातबाऱ्यावरील पीकपाहणीच्या नोंदी समोरासमोर ठेवाव्यात. केवळ नोंदींवर मात्र विसंबू नये, शेतकऱ्यांना प्रत्यक्ष विचारावे. कारण एखाद्याची द्राक्षबाग टेंभूमुळे नव्हे, तर शेततळे आणि ठिबकच्या बळावर उभी असते, आणि तो फरक सातबाऱ्यावर दिसत नाही. पाणी न पोहोचलेले एखादे शेजारचे गाव तुलनेला घेतल्याशिवाय निष्कर्ष टिकणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर (सातारा)
सरांशी सहमत आहे. ताई, संस्थेच्या ना हरकत प्रमाणपत्रात अर्धवेळ संशोधनास परवानगी, त्यासाठी पुरेसा वेळ मिळेल ही हमी, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.तील आवश्यक अभ्यासक्रमासाठी) कार्यमुक्त करण्याची तयारी, हे स्पष्ट लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर राहू नये. पीएच.डी.ची किमान मुदत ३ वर्षे आणि कमाल ६ वर्षे आहे, पुनर्नोंदणी केल्यास आणखी २ वर्षे मिळू शकतात, आणि महिलांना त्यावर अजून २ वर्षांची सवलत देता येते. प्रसूती वा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजाही घेता येते.

विचारणा (विटा)
दोघांचेही मनःपूर्वक आभार. या आठवड्यात मार्गदर्शकांच्या रिक्त जागांची यादी पाहते आणि तलाठी कार्यालयात जुन्या पीकपाहणीच्या नोंदी मिळतात का, याची चौकशी करते.