मुलगा १०० मीटर धावतो, कोच म्हणतात बॉबस्ले करून बघ. पाठवावं का?

बुडापेस्टची_आई: नमस्कार मंडळी. आम्ही ११ वर्षं बुडापेस्टला आहोत. लेक २० वर्षांचा, १०० मीटरला बेस्ट १०.८४, वजन ७६ किलो. २०२३ ला इथेच वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, नीरजने ८८.१७ टाकून गोल्ड घेतलं तेव्हा आम्ही स्टेडियममध्ये होतो, तेव्हापासून त्याला ट्रॅकशिवाय काही सुचत नाही. आता कोच म्हणतात पहिले ३० मीटर जबरदस्त आहेत पण ६० नंतर मागे पडतो, असा मुलगा बॉबस्लेला (बर्फाच्या उतारावरून स्लेड, म्हणजे घसरगाडी, खाली नेण्याची शर्यत) हवाच असतो. हंगेरीत बर्फाचा ट्रॅक नाही, म्हणजे सरावाला ऑस्ट्रिया नाहीतर जर्मनी. मला भीती वाटते की हेही धड नाही आणि तेही नाही असं होईल. कुणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

इन्सब्रुककर: ताई, कोच बरोबर बोलतायत. मी इन्सब्रुकच्या इग्ल्स बॉबस्ले ट्रॅकजवळच राहतो, दर हिवाळ्यात बघायला जातो. सुरुवातीला साधारण ५० मीटर स्लेड ढकलत पळायचं, पाचेक सेकंदांत सगळं संपतं आणि मग उडी मारून आत. वर ०.१ सेकंद गेला की खाली पोचेपर्यंत त्याचे ०.३ होतात असा इथला ढोबळ हिशोब. म्हणून सगळ्यांना स्प्रिंटर हवे असतात. बुटाला शेकडो बारीक खिळे असतात, नेहमीचे स्पाइक्स तिथे चालत नाहीत. शेवटचे ४० मीटर त्याला पळायचेच नाहीयेत, म्हणजे त्याचा वीक पॉइंट तिथे मोजलाच जात नाही.

जुना_स्प्रिंटर_नाशिक: थांबा जरा, वजनाचं बोला की. चार जणांच्या स्लेडला माणसं धरून ६३० किलोची मर्यादा आहे आणि जड स्लेड खाली जास्त जोरात जाते, त्यामुळे टीमला धिप्पाड पोरं लागतात. ७६ चा ९५ केला तर १०० मीटरचा टायमिंग गेलाच समजा. आणि पाठ सांभाळा हो, ब्रिटनचा स्प्रिंटर क्रेग पिकरिंग, २००७ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचा रिले ब्राँझवाला, बॉबस्लेत गेला, २०१४ च्या सोची विंटर ऑलिम्पिकच्या टीममध्ये निवड झाली आणि पाठीच्या दुखण्याने ऑलिम्पिक हुकलं.

सकाळचा_ट्रॅक: दादांचा मुद्दा खरा आहे पण दोन्ही जमवलेली माणसं आहेत ना. जर्मनीची स्प्रिंटर अलेक्झांड्रा बुर्गहार्ट, २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये धावली, सहा महिन्यांनी बीजिंगच्या विंटर ऑलिम्पिकला दोघींच्या बॉबस्लेत सिल्व्हर, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये परत रिलेचं ब्राँझ! म्हणजे वजन वाढवूनही ट्रॅकवर परत येता येतं. अमेरिकेची लॉरिन विल्यम्स तर मला फार आवडते. २००४ ला ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरचं सिल्व्हर, २०१२ ला रिले गोल्ड, आणि सोचीच्या जेमतेम सहा महिने आधी बॉबस्ले सुरू केलं तरी तिथे सिल्व्हर, गोल्ड फक्त ०.१० सेकंदाने हुकलं. उंचीने तशी लहानखुरीच आहे ती. १९६८ चा हर्डल्सचा ऑलिम्पिक चॅम्पियन विली डेव्हनपोर्ट पण १९८० ला लेक प्लॅसिडच्या विंटर ऑलिम्पिकला चौघांच्या स्लेडमध्ये होता. माझा सल्ला, ट्रॅक सोडू नका, एक हिवाळा देऊन बघा, आणि आधी फक्त पुश टेस्ट, म्हणजे स्लेड ढकलण्याची चाचणी.

इन्सब्रुककर: +१. पहिल्या वर्षी १५-२० किलो चढवायच्या मागे लागू नका, आधी दोघांच्या स्लेडचं विचारा. आणि पायलट, म्हणजे पुढे बसून स्लेड वळवणारा, किती अनुभवी आहे हे नक्की विचारा ताई, १३० च्या स्पीडला स्लेड उलटते तेव्हा मागे बसलेल्याच्या हातात काही नसतं.

बुडापेस्टची_आई: खूप आभार सगळ्यांचे. पायलटचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल लेकाला बुर्गहार्टची रेस दाखवली, तीनदा बघितली त्याने. ऑक्टोबरमध्ये पुश टेस्टला पाठवतेय, वजनाचं त्यानंतर बघू. टेस्ट झाली की इथेच लिहीन.