मॅकबेथ: व्याख्या तोंडपाठ, पण उत्तर लिहिताना बत्ती गुल

कळवा_लोकल
टीवायबीएला इंग्रजी घेतलंय, शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' नाटक आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. हमार्शिया (नायकाला भोवणारी चूक), अनॅग्नोरिसिस (नायकाला सत्य उमगण्याचा क्षण), सोलिलोक्वी, असाइड अशी यादी वहीच्या मागे आहे, पुढे गाइडमधल्या व्याख्या. ठाणे-वाशी लोकलमध्ये घोकतो. पण 'अमुक प्रवेशातली ड्रॅमॅटिक आयरनी (प्रेक्षकाला ठाऊक, पात्राला नाही) दाखवा' असा प्रश्न आला की पेन हलत नाही. जुने शब्द वेगळेच. ('थेन ऑफ कॉडॉर'मधल्या थेनचं, म्हणजे सरदाराचं, स्पेलिंग आपल्या ठाण्याचंच, म्हणून वर्गात तो 'कॉडॉरचा ठाणेदार' आहे.) सुरुवात कुठून करू?

घणसोली_नाइटशिफ्ट
आधी नाटक बघ भावा, मग वही.

सानपाडा_बाई
ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेय, म्हणून जरा लांबण लावते. प्रत्येक संज्ञेपुढे व्याख्या खोडून अंक, प्रवेश आणि त्या क्षणी रंगमंचावर कोण आहे ते लिही.

आयरनीसाठी पहिल्या अंकाचा चौथा प्रवेश काढ. राजा डंकन म्हणतो, चेहऱ्यावरून मन ओळखायची विद्या कुठे नाही. त्या कॉडॉरवर (दगा दिलेला आधीचा थेन, त्याचा किताब आता मॅकबेथला मिळालाय) माझा पूर्ण भरवसा होता. वाक्य संपतं न संपतं तोच मॅकबेथ आत येतो, आणि राजा त्याचं तोंडभरून कौतुक सुरू करतो! मॅकबेथच्या डोक्यात खून घोळतोय हे आपण मागच्याच प्रवेशात ऐकलंय. राजाला पत्ता नाही. एवढं लिहिलंस तरी परीक्षक खूश.

तिसऱ्या प्रवेशात बँको, रॉस, अँगस हे इतर सरदार तिथेच आहेत आणि मॅकबेथ स्वतःशी बोलतो, तो असाइड. सातव्यात आत मेजवानी चाललीय, हा एकटाच बोलतोय, ती सोलिलोक्वी. आपल्या छापील नाटकांत दोन्हीकडे कंसात 'स्वगत' असतं, म्हणून मराठी मीडियमची मुलं इथे हमखास गंडतात.

त्याच सोलिलोक्वीत हमार्शियाही सापडेल. 'महत्त्वाकांक्षा' एवढा एक शब्द टाकून मोकळा होऊ नकोस. मी राजाचा नातलग, त्याचा सरदार, त्यात आज त्याचा यजमान, अशी खून न करण्याची कारणं तो स्वतःच मांडतो. बायको आल्यावर 'आता पुढे जायचं नाही' असंही सांगतो. आणि प्रवेश संपेपर्यंत तयार होतो. ॲरिस्टॉटलच्या लेखी हमार्शिया म्हणजे चूक. स्वभावातला दोष हा अर्थ नंतरच्या टीकाकारांनी रुजवला.

शब्दांचं म्हणशील तर अवघड शब्दांना खाली टीप असते, त्यांची काळजी नको. दगा देतात ते ओळखीचे. इथे 'फँटास्टिकल' म्हणजे झकास नव्हे, निव्वळ कल्पनेतलं. 'ॲडमायर्ड डिसऑर्डर'मध्ये कौतुक कसलं, लोक थक्क होतील असा गोंधळ. असे शब्द वेगळ्या पानावर उतरव.

तलावपाळी_कट्टा
बाईंशी सहमत. फक्त दारूड्या पोर्टरचा प्रवेश 'कॉमिक रिलीफ' म्हणून उरकू नकोस. नुकताच खून झालाय, दार ठोठावलं जातंय आणि हा स्वतःला नरकाचा दरवान समजतोय. त्या घराच्या बाबतीत ते खरंच आहे की! रंगायतनला ज्यांचं नाव आहे त्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तलं आर्यमदिरामंडळ वाचलंयस? तिथेही दारूड्यांवर हसताना सुधाकर कुठे चाललाय हे आपल्याला ठाऊक असतं. परीक्षेत लिहिलं नाहीस तरी चालेल, पण वाच.

कळवा_लोकल
बाई, मॅकबेथनेच मारेकरी पाठवून मारलेल्या बँकोचं भूत मेजवानीत मॅकबेथला दिसतं, पाहुण्यांना नाही. ही आयरनी धरायची का?

सानपाडा_बाई
धर, पण भूत दिसण्याच्या थोडं आधीची जागा पकड. 'आज बँको इथे हवा होता,' असं मॅकबेथ पाहुण्यांसमोर म्हणतो. तेव्हा भूत त्याच्याच खुर्चीत येऊन बसलेलं असतं, आणि अजून त्यालाही दिसलेलं नसतं. तिसरा अंक, चौथा प्रवेश.