गोळ्या खाऊनही रक्त वाढत नसेल तर आधी पोटाकडे बघा

सुईदोरा
परवा एका धाग्यावर कुणीतरी ठणकावून लिहिलं, 'बायकांचं रक्त कमी म्हणजे खाण्याची हेळसांड. बीट, पालक, गूळ-शेंगदाणे खा, लोखंडी कढईत भाजी करा. पोटातल्या जंतूची तपासणी हा निव्वळ लॅबवाल्यांचा धंदा.' राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझ्या धाकट्या जावेचं एचबी (हिमोग्लोबिन) कित्येक महिने ८ च्या वर सरकत नव्हतं. लाडू झाले, खजूर झाले, लोखंडी तवा आला, लोहाच्या गोळ्या तर चालूच. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, ही गोळ्या घेतच नाही. सासूबाई तिच्या पाकिटातल्या रिकाम्या खाचा मोजायच्या, आणि ती समोर मान खाली घालून उभी. शेवटी एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं. जठराला सूज आणि एच. पायलोरी नावाचा जंतू. अँटिबायोटिकचा १४ दिवसांचा कोर्स झाला, आणि मग त्याच लोहाच्या गोळ्यांनी एचबी ११ च्या पुढे गेलं.

कारण साधं आहे. भाजी-धान्यातलं लोह शोषलं जायला जठरातलं आम्ल लागतं, क जीवनसत्त्व लागतं. हा जंतू जठराच्या वरच्या भागात सूज धरून बसला की आम्ल घटतं, जठररसातलं क जीवनसत्त्वही घटतं. सुजेमुळे हेप्सिडिन, म्हणजे लोह शोषणाला आवर घालणारं संप्रेरक, वाढलं तर आतडं लोह आत घेईनासं होतं. व्रण असेल तर थोडं थोडं रक्त जातं ते निराळंच. अशा पोटात कितीही पालक घाला! त्या बाईला दोष देणं आधी थांबवा.

निवडुंग
असहमत. तुमच्या जाऊबाई बऱ्या झाल्या, आनंद आहे. पण एका घरावरून राज्याचं निदान करू नका.

हा जंतू आपल्याकडे निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात आहे, बायकांच्याही आणि पुरुषांच्याही. मग २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात रक्तक्षय बायकांमध्ये ५७ टक्के आणि पुरुषांमध्ये २५ टक्के कसा? फरक पाळीचा आहे, बाळंतपणांचा आहे, सगळ्यांची पानं उठल्यावर उरलेलं खाण्याचा आहे. ढाक्यात लहान मुलांवर नीट चाचणी झाली, २००८ साली प्रसिद्ध झाली. जंतू मारला म्हणून लोहाचा गुण जास्त आला, असं काही दिसलं नाही. अलास्काच्या खेड्यांतल्या मुलांमध्येही २००६ साली तेच.

आता तुमचं वाचून उद्या शंभर जणी अँटिबायोटिक मागायला जातील. मेट्रोनिडॅझोलला हा जंतू आपल्याकडे आधीच दाद देत नाही, क्लॅरिथ्रोमायसिनही हातचं चाललंय.

पाटपाणी
दोघांनाही मुख्य चोर दिसत नाहीये. गॅसची गोळी!

माझं औषधांचं दुकान आहे. सकाळी शटर वर गेलं की पहिली दहा गिऱ्हाइकं पॅन्टोप्राझोल नाहीतर ओमेप्राझोल मागतात. चिठ्ठी नाही, काही नाही. 'ती नेहमीची द्या, उपाशीपोटीची.' वर्षानुवर्षं. ही गोळी आम्लच बंद करते. मग लोह कसं शोषणार? बी१२ कसं शोषणार? एकाच पिशवीत रक्तवाढीची बाटली आणि गॅसची पट्टी घेऊन जातात. मी बोललो तर म्हणतात, तुम्ही द्या ना गुपचूप.

कोकणकडा
तुम्ही विकता, आणि आम्हालाच चोर म्हणता? मी ती गोळी रोज घेतो. रात्री दोनला घशापर्यंत जळजळ आली की उठून बसावं लागतं. बाकीचे येऊन सांगतात, तिखट सोडा, थंड दूध प्या. सगळं करून झालंय. फुकटचे सल्ले नकोत.

पाटपाणी
चोर तुम्हाला नाही, गोळीला म्हटलं. आणि न विचारता वर्षानुवर्षं गोळी खाणं चूकच आहे, ते बोलणारच. जळजळ कशाची हे एकदा तरी तपासलंत का? व्रणही असू शकतो.

कोकणकडा
तपासलंय. माझा आजार काउंटरवरून ठरवू नका.

तिसरी घंटा
पाटपाणी, जरा जपून लिहा. माझ्या वडिलांना स्टेंट आहे. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत, आणि पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून डॉक्टरांनीच ही गॅसची गोळी दिलीये. असाच एक मेसेज वाचून त्यांनी ती परस्पर बंद केली. काळी शौच झाली, रात्री ॲडमिट करावं लागलं. 'गॅसची गोळी चोर' असं मोठ्या अक्षरात लिहिताना असा माणूसही वाचतोय हे लक्षात ठेवा. मला खरंच राग आलाय.

पाटपाणी
चिठ्ठीवरची गोळी बंद करा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पण ठीक, स्पष्ट लिहितो: डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःहून बंद करू नका. बिनचिठ्ठीची मात्र आयुष्यभर चालवू नका, आणि या मुद्द्यावरून मी हटणार नाही.

डोंगरवाट
मी नंदुरबारकडे आरोग्य खात्यात काम करते. गरोदर बाईला लाल गोळी १८० दिवस द्यायची. रक्त वाढलं नाही की वरून पहिला प्रश्न, 'ती गोळी घेते का?' सुईदोरांनी लिहिलंय तेच दृश्य मी झोपडीझोपडीत बघते. बाई सांगते, मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून सोडली. कुणी चहाबरोबर घेते, तिला लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगायचं. पण काही जणी खरोखर नेमानं घेतात.

आमच्याकडे त्यातल्या काहींना सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, निघतो. तिथे नुसत्या लोहानं भागत नाही. त्यामुळे जंतू की पालक एवढाच वाद घालू नका. गोळी घेऊनही एचबी हलत नाही, तर तिथे थांबून कारण शोधा. तपासणीची सोय ६० किलोमीटरवर आहे, पण तो प्रश्न वेगळा आणि माझ्या डोक्यात जातो.

निवडुंग
डोंगरवाट यांचं पटलं. सुईदोरांना एवढंच देतो की लोह नीट घेऊनही फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) तळाशीच असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर एच. पायलोरी तपासावा. या जंतूवरच्या 'मास्ट्रिख्त' अहवालातल्या तज्ज्ञांचंही तेच म्हणणं आहे, आणि मोठ्यांच्या चाचण्या एकत्र केल्या की लोहाबरोबर जंतूचा इलाज केलेल्यांचं एचबी जास्त वाढलेलं दिसतं. पण तपासायचं तर नीट. रक्तातली अँटिबॉडी बघू नका, जंतू मेल्यावरही ती राहते. श्वासाची किंवा शौचातल्या अँटिजेनची (जंतूच्या अंशाची) तपासणी करा. त्याआधी दोन आठवडे गॅसची गोळी बंद हवी, तीही डॉक्टरांना विचारून, नाहीतर जंतू असून निकाल 'नाही' येतो. कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी परत तपासा.

आणि पाळी गेलेल्या बाईचं किंवा पुरुषाचं लोह कमी निघालं तर जंतू सापडला म्हणून खूश होऊन घरी जाऊ नका. आतड्यात कुठे रक्त जातंय का, कॅन्सर आहे का, ते बघायलाच हवं.

एक मागणी. शीर्षकातलं 'आधी' काढा. आधी पाळी आणि ताट, मग पोट.

सुईदोरा
'आधी' काढणार नाही. पहिले पाचही शब्द वाचा: 'गोळ्या खाऊनही रक्त वाढत नसेल'. त्या बाईचं ताट एव्हाना दहा जणांनी तपासलेलं असतं, पाळीचीही चौकशी झालेली असते. पोट कुणी बघितलेलं नसतं. अँटिजेन आणि दोन आठवड्यांचं मात्र वर डकवते, ते कामाचं आहे.