एमआरआयमध्ये ब्रेनच्या स्लाइसच्या रेषा मशीनने लावायच्या की हाताने?

जुना_टेक्निशियन: कालची पोस्ट वाचली: "स्लाइसच्या रेषा आपोआप लावणारं ऑटो आलं, आता ब्रेनला प्लॅनिंग येणारा टेक्निशियन लागत नाही." लिहिणाऱ्याने कन्सोलवर एक तरी रात्र काढली आहे का? मिडलाइन सरकलेलं डोकं, कवटीचा तुकडा काढलेला पेशंट, मान सरळच होत नाही असे आजोबा. यांना ऑटो लावा, मग बोला.

रात्रपाळी: दादा, अशी डोकी रोज किती येतात? आमच्याकडे तिघांच्या तीन रेषा. एकाची एसी-पीसी (मेंदूच्या मधल्या दोन खुणा जोडणारी), दुसऱ्याची कॉर्पस कॅलोसमच्या (मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या पट्ट्याच्या) खालच्या कडेने, तिसऱ्याची अंदाजाने. एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदूत डाग पडणारा आजार) एका फॉलोअपला कोन बदलला आणि जुनाच डाग नवा म्हणून रिपोर्टात गेला. औषध बदलायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या! ऑटो चुकेल, पण दोन्ही वेळा बहुधा सारखंच चुकेल.

फिल्मवाचक: 1 मिमीचा आयसोट्रॉपिक (सगळ्या बाजूंनी सारखा बारीक) थ्रीडी फ्लेअर, म्हणजे डाग उठून दिसणारा स्कॅन, घ्या, हवा तो कोन नंतर काढा. भांडण मिटलं.

जुना_टेक्निशियन: साहेब, पेशंट मध्येच हलला की तुमचा अख्खा थ्रीडी कचऱ्यात. मग टूडी (आधीच ठरवलेल्या कोनातल्या स्लाइसचा) करायचा, आणि "कोरोनल हिप्पोकॅम्पसला काटकोनात नाही" असा शेरा खायचा. (कोरोनल म्हणजे कानाकडून कानाकडे उभी कापलेली स्लाइस, हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग.) डॉक्टरच्या रिक्वेस्टवर नुसतं "ब्रेन". तो कोन फिटच्या पेशंटला लागतो, आणि फिट येते हे आम्हाला नातेवाइकांकडून कळतं.

फिल्मवाचक: रिक्वेस्ट मी लिहीत नाही. आणि पेशंटला विचारायला कोणी बंदी घातलीय?

बाराचा_स्लॉट: विचारायला वेळ कुठाय? ऑटोने वाचलेली मिनिटं गेली कुठे, त्यावर बोला ना कोणी! आमचा स्लॉटच छोटा केला. समजावणं नाही, डोक्याला पॅड नीट नाही, इअरप्लग कसेबसे. पेशंट घाबरतो, स्काउट (रेषा लावायला घेतलेला पहिला झटपट स्कॅन) झाल्यावर मान फिरवतो, आणि ऑटोच्या रेषा मघाच्या डोक्यावर. पुन्हा स्काउट. वरून साहेब विचारणार, "ऑटो असून उशीर?"

रात्रपाळी: हे मॅनेजमेंटचं रडगाणं झालं, ऑटोचा काय दोष?

बाराचा_स्लॉट: ऑटो दाखवूनच स्लॉट कापला, म्हणून!

जुना_टेक्निशियन: बरं बाबा, फॉलोअपला ऑटो. जिंकलात. पण स्टार्ट दाबण्याआधी तिन्ही प्लेन (आडवं, समोरचं, बाजूचं) बघणार, आणि रेषा वाकडी दिसली तर ओढणार.

रात्रपाळी: ओढा. फक्त कशाला धरून ओढली तेही लिहून ठेवा, पुढच्या वेळी ड्यूटीवर मी असेन.