लुकलुकणे की टिमटिमणे?

अनुवादक: मुलांसाठीची आकाशदर्शनाची एक पुस्तिका मराठीत आणताना मी ‘तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत’ असे लिहिले होते. संपादकांनी ‘लुकलुकणे बालिश वाटते’ असा शेरा मारून तेथे ‘टिमटिमणे’ घातले. मला तो शब्द सरळ हिंदीतून उचललेला वाटतो. जाणकारांनी मत द्यावे आणि प्रकरणाच्या शीर्षकासाठी एखादे नामही सुचवावे.

शब्दनिष्ठ: आपलेच बरोबर आहे. मराठीत तारा लुकलुकतो, दिवा मिणमिणतो, साडीची जर चमचमते आणि रोषणाई झगमगते. मिणमिणता प्रकाश मंद असला तरी टिकून असतो. लुकलुकणारा क्षणभर लोपून पुन्हा दिसतो. इतकी बारीक छटा हाताशी असताना उसनवारी कशाला?

आकाशनिरीक्षक: तारा लोपत नाही, एवढी दुरुस्ती सुचवतो. वातावरणात कमी-अधिक तापमानाची, म्हणून कमी-अधिक घनतेची हवा सतत घुसळत असते. तिच्यातून येणारे किरण क्षणोक्षणी वेगळे वळतात आणि डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाश कमी-जास्त होतो. तारे अतिदूर असल्याने बिंदूवत दिसतात, म्हणून हा फरक लगेच जाणवतो. गुरूची तबकडी मात्र सुमारे ३० ते ५० विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) असते आणि तिच्या निरनिराळ्या भागांच्या प्रकाशातले चढउतार एकमेकांना भरून काढतात. तरीही क्षितिजालगतचा ग्रह कधीकधी लुकलुकतो, तेव्हा पुस्तिकेत ‘सहसा’ हा शब्द घालावाच. नुकताच उगवलेला व्याधाचा तारा तर लाल, हिरवा, निळा असे रंगही बदलतो; त्याला यांतले कोणतेच क्रियापद पुरत नाही.

व्युत्पत्तिवेडा: लोपण्याचा अर्थ शब्दातच आहे. पाणिनीने प्रत्ययाच्या लोपासाठी ‘लुक्’ हीच संज्ञा योजली आहे.

शब्दनिष्ठ: व्याकरणातली संज्ञा ताऱ्याला चिकटवणे ही ओढाताण झाली. लुकलुक, चमचम, मिणमिण हे अनुकरणवाचक शब्द आहेत.

व्युत्पत्तिवेडा: प्रकाशाला आवाज नसताना अनुकरण कशाचे केले, तेही सांगावे.

अकोलेकर: भंडारदरा, पुरुषवाडी या बाजूला पावसाळ्याच्या तोंडावर काजव्यांनी झाडेच्या झाडे भरतात, आणि आम्ही त्यालाही लुकलुकणेच म्हणतो. तेथे हवेचा काही संबंध नाही. काजव्याच्या पोटातील ल्युसिफेरिन या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन प्रकाश पडतो आणि त्याची उघडझाप तो कीटक स्वतःच करतो. कारणे दोन असली तरी क्रियापद एकच आहे, कारण बोलणारा डोळ्याला दिसते तेवढेच सांगतो.

वापरवादी: मग मुलांच्या कानावर जे पडते, तेही चालवून घ्यावे. दूरदर्शन पाहून वाढलेल्या पिढीला ‘टिमटिम’ परका वाटत नाही.

शब्दनिष्ठ: कानावर काय काय पडते, याची यादी येथे नको.

अनुवादक: शीर्षकासाठीचे नाम राहूनच गेले.

आकाशनिरीक्षक: ‘स्फुरण’ घ्यावे.

अकोलेकर: आमच्याकडे स्फुरण पोवाडा ऐकल्यावर चढते.

व्युत्पत्तिवेडा: धातू मात्र तोच आहे, ‘स्फुर्’ म्हणजे थरथरणे.